एका गिटारवर बेंड हलका, दुसरीवर जड, असं का?

प्रश्न: माझ्याकडे दोन स्ट्रॅटोकॅस्टर इलेक्ट्रिक गिटार आहेत, दोन्हींना ९ गेजचाच (म्हणजे त्याच जाडीच्या तारांचा) सेट, ट्यूनिंगही स्टँडर्ड. तरी एकीवर फुल टोन बेंड करताना (तार बोटाने बाजूला ढकलून सूर एक पूर्ण टोन चढवताना) बोटं दुखतात. तिच्या तारांचं टेन्शन जास्त आहे का?

उत्तर: नाही हो, दोन्हींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, गेज आणि सूर तेच, म्हणजे टेन्शनही तेच. लेस पॉल गिटारची स्केल २४.७५ असते, तिथे टेन्शन साधारण ६ टक्के कमी पडतं, पण तुमच्या केसमध्ये मला संशय ब्रिजचा (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागाचा) आहे. ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज) फ्लोटिंग, म्हणजे बॉडीला न टेकता तरंगता, असेल तर तार ओढली की मागच्या स्प्रिंग ताणतात, ब्रिज पुढे झुकतो आणि सूर हवा तेवढा चढतच नाही, मग तार अजून ढकलावी लागते. बघायचं असेल तर जाड ई (E) तार वाजती ठेवून ‘जी’ (G) तार बेंड करा, ई स्पष्ट उतरलेली ऐकू येईल. मागचं कव्हर काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळा, ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत, आणि परत ट्यून करा. दांडा वर ओढून सूर चढवता येणार नाही, पण बेंड खूप सुधारतो. आणि हो, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत का तेही बघाच, बुटक्या फ्रेटवर बोट लाकडाला घासतं आणि तार नीट पकडीत येत नाही.