‘दुर्लक्ष कर’ म्हणून भागत नाही

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले सिद्दी, आमचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. मुलगा आठवीत, मराठी माध्यमात आहे. पोरं ‘आफ्रिकन’ म्हणतात, केस ओढून बघतात. इतिहासाच्या तासाला जंजिऱ्याच्या सिद्दीचं नाव आलं की अख्खा वर्ग मागं वळून त्याच्याकडं बघतो. हल्ली शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं म्हणतो. मी ‘दुर्लक्ष कर’ म्हणते, त्याचे वडील ‘एक ठेवून दे’ म्हणतात. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, पोटदुखीला बहाणा समजू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा, पण अपमानाची धास्ती मुलांच्या पोटात, डोक्यात, झोपेत अशीच उतरते. ‘दुर्लक्ष कर’ ऐकलं की घरच्यांनाही हे किरकोळ वाटतं असं मूल धरून चालतं आणि सांगायचंच बंद करतं. मारामारी केली तर शिक्षा त्यालाच होते, चिडवणं बाजूलाच राहतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड स्टीव्हन्सन यांची एक पद्धत इथंही उपयोगी पडेल. चिडवणं सुरू झालं की मुलानं मनात विचारायचं : त्रास दहापैकी किती? अंगात कुठं जाणवतोय, मुठीत, घशात, पोटात? मी स्वतःशी काय बोलतोय? मग सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा. आकडा उतरला की बोलायचं.

याची तालीम घरी, शांत वेळी व्हायला हवी. रागात नवं काही सुचत नाही. जेवणानंतर दहा मिनिटं वडिलांनी चिडवणारा पोरगा व्हावं. उत्तर छोटं हवं : ‘माझ्या केसांना हात लावायचा नाही.’ ‘मी इथलाच, खानापूरचा.’ कन्नडमधूनही बसवून घ्या. लांबलचक खुलासा नको, त्यातून पोरांना नवे प्रश्न सुचतात. आकडा आठ-नऊवरच राहिला तर न बोलता शिक्षकांकडं जायचं. तो पळपुटेपणा नव्हे, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

जंजिऱ्याच्या धड्याआधी शिक्षकांना भेटा. इथल्या बहुतेक सिद्दींचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तिथून घाटातल्या जंगलात आले, असं मानतात. जंजिऱ्याची सत्ता ही निराळी गोष्ट. मलिक अंबरही आफ्रिकेतून गुलाम म्हणूनच आला आणि निजामशाहीचा वजीर झाला; १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. हे वर्गात शिक्षकांनी सांगावं. मुलाला उभं करून मात्र नको.

तोंडी तक्रार विरून जाते. वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत एसडीएमसीला (शाळेच्या विकास व देखरेख समितीला) द्या. काहीच हललं नाही तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस. पोरांच्या चिडवण्यासाठी पहिली पायरी पोलीस नको. पण मोठा माणूस चारचौघांत जातीवरून अपमान करत असेल तर गप्प बसू नका : २०२० पासून बेळगाव जिल्ह्यातले सिद्दीही अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करता येते. जमातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

झोप, जेवण, खेळ दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे. ‘जगायला नको’ असं काही बोलला तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी फोन करा, त्याला एकटं सोडू नका.