बाहेरगावचा माणूस हिशोबात कुठे? वाहतूक मॉडेलबद्दल तुमचे प्रश्न

शहरांच्या वाहतूक आराखड्यांसाठी मॉडेल करतात, म्हणजे शहरात कुठून कुठे किती फेऱ्या होतात याचा गणिती हिशोब; एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं ही एक फेरी. त्याबद्दल जे प्रश्न येताहेत त्यातले निम्मे एकाच जागी अडलेत, बाहेरून येणाऱ्यांच्या फेऱ्या कशा धरायच्या. म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतोय.

कॉर्डन म्हणजे नक्की काय? (विद्यार्थिनी, धुळे)

अभ्यासाच्या हद्दीची रेषा. ती रस्त्याला जिथे कापते तिथे गाड्या मोजायच्या आणि त्यातल्या काही थांबवून विचारायचं.

एमएच 19 म्हणजे स्थानिक आणि बाकी बाहेरचे असं धरलं तर? (जळगाव)

नका धरू. ही ऐकीव युक्ती मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. चोपडा, रावेर, जामनेरच्या गाडीवरही एमएच 19 असतं, पण जळगाव शहरासाठी ती बाहेरचीच, आणि पुण्यातली नोकरी सोडून परत आलेल्याची एमएच 12 रोज इथल्याच गल्लीत उभी असते. एसटीने, रेल्वेने येणारे तर प्लेटवर दिसतच नाहीत, त्यांना स्टँडवर आणि स्टेशनवरच गाठावं लागतं.

घरोघरी सर्व्हे आणि कॉर्डन, दोघांची बेरीज करायची ना? (भुसावळ)

सरळ बेरीज नाही. भुसावळात राहून जळगावला ड्युटीला जाणारा माणूस घरच्या फॉर्ममध्ये पण येतो आणि कॉर्डनवर पण, म्हणजे दोनदा. कॉर्डनच्या फॉर्ममध्ये 'कुठून' आणि 'कुठे' यासोबत 'राहायला कुठे' हा तिसरा प्रश्न पाहिजेच. फॉर्म छापायच्या आधी तो एकदा वाहतूक नियोजकाला दाखवा, छापल्यावर उपयोग नाही.

रेल्वे पुलावरची मोजणी मॉडेलपेक्षा बरीच जास्त येते. सल्लागार म्हणतात घरटी फेऱ्यांचा दर, म्हणजे एका घरामागे दिवसाला धरलेल्या फेऱ्या, थोडा वाढवला की जुळेल. करावं का? (नगरपालिकेतले एक इंजिनिअर)

अजिबात करू नका, आणि हे मी जरा लांबण लावूनच सांगणार आहे. तो जास्तीचा आकडा बऱ्याचदा बाहेरच्या माणसाचा असतो. चोपड्याहून एक कुटुंब म्हातारीला दाखवायला जळगावला येतं असं धरा. स्टँडवरून रिक्षाने दवाखाना, तिथून लॅब, रिपोर्ट घेऊन परत डॉक्टर, मग आलोच आहोत तर फुले मार्केट, मग स्टँड. कॉर्डनवर त्यांच्या दोनच फेऱ्या, येताना एक जाताना एक, आणि शहरात मात्र पाच, ज्या ना घरोघरी सर्व्हेत आहेत ना कॉर्डनवर, पण पुलावर मोजल्या जातात. आता तुम्ही रहिवाशांचा दर फुगवला की या पाच फेऱ्या कुठल्यातरी कॉलनीतल्या घरांच्या नावावर पडतात, जागा चुकते, वेळही चुकते, कारण गावाकडचा माणूस दहा-अकराला येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. पुढच्या वीस वर्षांचा अंदाज तर पारच बिघडतो. 2011 नंतर जनगणनेचे नवे आकडे नाहीत, म्हणजे लोकसंख्या आधीच अंदाजाने पुढे ढकललेली, त्यावर हा फुगवलेला दर, आणि त्यातून कॉलनीच्या रस्त्याला पूल सुचवला जातो तर दवाखान्यांच्या रस्त्यावर पार्किंगलाही जागा नाही. पाहुण्यांचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या फेऱ्यांचा, तक्ता वेगळा करा, तो दवाखाने, कॉलेज, बाजार यांच्याशी बांधा आणि त्याची वाढ आजूबाजूच्या तालुक्यांवरून धरा. सर्व्हे दवाखान्याच्या गेटवर, स्टँडवर, पार्किंगमध्ये घ्या. अहिराणी बोलणारी पोरं उभी केली तर लोक नीट सांगतात, हा माझा अनुभव आहे. बाहेरच्यांच्या फेऱ्यांसाठी दुसऱ्या शहराची टक्केवारी चिकटवून देणाऱ्याकडून मात्र ती कुठल्या मोजणीतून आली हे लेखी घ्या, आणि अहवालावर सही करण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

एक कंपनी फास्टॅगचा डेटा विकते, म्हणते सर्व्हेची गरजच नाही. (धुळे)

आहे गरज. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, म्हणजे आपल्याकडची मोठी गर्दी त्यात नाहीच. गाडी नाक्यावरून गेली एवढं कळतं, आत किती माणसं, कुठे राहतात, गावात थांबणार की धुळ्यावरून सरळ सुरत किंवा इंदूर गाठणार, हे कळत नाही. विकत घेण्याआधी नमुना मागा आणि जाणकाराला दाखवा.

बायपास झाला की गर्दी जाईल? (जळगाव)

फक्त सरळ पुढे जाणारी, ती किती हे कॉर्डनच सांगेल.

सर्व्हे कधी घ्यावा? उन्हाळ्यात पोरं मोकळी असतात. (नंदुरबार)

पोरं मोकळी तेव्हा कॉलेजही बंद असतं, मग विद्यार्थी मोजणार कसे? चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेल्यांनी रस्ते भरतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला. यात्रांची मोजणी करायचीच, पण वेगळी. रोजच्यासाठी शाळा-कॉलेज सुरू असलेला, सणवार नसलेला कामाचा दिवस धरा, आणि बाजाराचा दिवस आकड्यात ओळखता यावा म्हणून तो वेगळा नोंदवा. तारीख ठरवताना ट्रॅफिक पोलिसांना आधी भेटा, त्यांच्याशिवाय गाड्या थांबवता येत नाहीत.