वाचक विचारतात : मुंबईच्या मैदानांवरचा फुटबॉल आणि त्याची नोंद

प्रश्न : परळच्या सेंट झेवियर्स मैदानावरचे आमच्या क्लबचे सामने आम्ही मोबाइलवरून यूट्यूबवर थेट दाखवतो. पहिला हाफ नीट जातो, दुसऱ्यात चित्र अडकतं, कधी फोनच बंद पडतो. नवा फोन घ्यावा का? (लालबाग)

आधी डेटाचा हिशेब करा. ७२० पी चित्राला सेकंदाला साधारण ४ मेगाबिट अपलोड लागतं, म्हणजे तासाला १.८ जीबी. सामन्याआधीची १० मिनिटं, ३५ मिनिटांचा हाफ आणि १० मिनिटांचं मध्यंतर धरलं, तर रोजच्या २ जीबीचं पॅक दुसऱ्या हाफच्या बाराव्या मिनिटाच्या आसपास संपतं. पुढे वेग इतका पडतो की चित्र गोठणारच. नवा फोन घेऊन यात फरक पडणार नाही. प्रक्षेपणासाठी वेगळं सिम ठेवा आणि त्यावर दिवसाची मर्यादा नसलेलं डेटा व्हाउचर टाका. वेग तपासताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. अपलोड बघा, तेही मैदानावर आणि सामन्याच्याच वेळी. ८ मेगाबिट मिळालं तर निर्धास्त राहा, ५ च्या आत असेल तर ४८० पी वर या. जर्सीचे नंबर पुसट दिसतील, पण सामना तुटणार नाही.

फोन बंद पडतो तो बहुतेक तापल्यामुळे. ऊन, पूर्ण उजळलेला स्क्रीन आणि फास्ट चार्जिंग, तिन्ही एकाच वेळी चालू असतात. कव्हर काढा, ट्रायपॉडला छत्री बांधा, स्क्रीन मंद करा आणि पॉवर बँकेच्या साध्या पोर्टवरून पहिल्या मिनिटापासूनच चार्जिंग सुरू ठेवा. बॅटरी १५ टक्क्यांवर आल्यावर धावपळ करून फास्ट चार्जर लावला की फोन तापलाच म्हणून समजा. बर्फ मात्र लावू नका, आत दव धरतं. मध्येच येणारा फोनकॉलही प्रक्षेपण तोडतो, म्हणून त्या सिमचे कॉल आधीच दुसऱ्या नंबरवर वळवा.

जागा मध्यरेषेवरची घ्या, शक्यतो तीन मीटर उंचीवर. जमिनीवरून पलीकडची साइडलाइन दिसतच नाही. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर दुपारच्या सामन्याला पश्चिमेकडे उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. आणि दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंग चालू ठेवाच. प्रक्षेपण तुटलं तरी गोल हातचा जात नाही.

चॅनेल नवं असेल तर थेट प्रक्षेपणाची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. ती स्पर्धेच्या सकाळी सुरू करायला बसू नका.

प्रश्न : व्हिडिओवर दर वेळी कॉपीराइटचा दावा येतो. आम्ही तर गाणी लावत नाही! (वांद्रे)

तुम्ही नाही, पण आयोजक लावतात. मध्यंतरात स्पीकरवर वाजलेलं सिनेमाचं गाणं तुमच्या माइकमध्ये येतं आणि यंत्रणा ते ओळखते. मध्यंतरात आवाज बंद ठेवा, स्पीकरच्या खांबापासून लांब बसा. समालोचनाला फोम लावलेला कॉलर माइक वापरा, म्हणजे वाऱ्याची घरघरही जाईल.

प्रश्न : सामन्याचा वृत्तान्त टाकला की खेळाडूंची नावं चुकली म्हणून भांडणं होतात. (माहीम)

भांडण रास्त आहे. गल्लीतल्या खेळाडूचं नाव छापून येण्याची ती एकच जागा असते, तिथेही चुकायचं? सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांच्या यादीचा फोटो घ्या आणि प्रत्येक नाव संघाच्या मॅनेजरला मोठ्याने वाचून दाखवा. यादी इंग्रजीत असते, त्यामुळे देवनागरीत आणताना घोळ होतो. परेरा की पेरेरा, शेख की शैख, हे ज्याचं नाव त्यालाच विचारा. दुसऱ्या हाफमध्ये जर्सी अदलाबदल करून उतरणारे बदली खेळाडूही असतात; बदलाची वेळ आणि दोन्ही नंबर तिथल्या तिथे लिहा. घड्याळात २२ मिनिटं ४० सेकंद झाली असताना झालेला गोल २३ व्या मिनिटाचा. स्वयंगोल की कुणाच्या नावावर, हे रेफरीच्या अहवालाशी ताडून पाहा. निकाल, गोल करणारे आणि मिनिटं पहिल्या परिच्छेदात यावीत. पंचांवरची टीका शेवटी, तीही जे दिसलं तेवढीच.

प्रश्न : आजोबा काल्टेक्सकडून खेळायचे. त्या काळचे निकाल कुठे मिळतील? (गिरगाव)

काल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने १९५८ मध्ये रोव्हर्स कप ही मुंबईतली फुटबॉल स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे त्या वर्षापासून सुरुवात करा. मुंबईची हार्वुड फुटबॉल लीग आणि रोव्हर्सच्या बातम्या रोजच्या वर्तमानपत्रांत यायच्या. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा एशियाटिक सोसायटीत जुने अंक मागताना महिन्यानुसार मागा, आणि निकाल दुसऱ्या दिवशीच्या अंकात शोधा. कंपनी संघांची नावं बदलत गेली, हेही ध्यानात ठेवा. काल्टेक्सची इथली कंपनी १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. त्यानंतरच्या अंकांत जुनं नाव शोधून काही हाती लागणार नाही. घरातले ग्रुप फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा; तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

प्रश्न : १३ वर्षांखालच्या मुलांच्या मुलाखती टाकाव्यात का? आणि आयोजक पैसे देऊ करतात ते घ्यावेत का? (कुर्ला)

मुलाखत पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको, नुसता प्रशिक्षकाचा होकार पुरत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. शाळा, राहण्याची जागा, सरावाची वेळ यांतलं काहीच टाकू नका. पैसे प्रक्षेपणाच्या खर्चासाठी घेता येतात, पण तसं व्हिडिओखाली लिहा आणि वृत्तान्त प्रसिद्ध होण्याआधी आयोजकाला दाखवणार नाही, हे पैसे घेण्यापूर्वीच सांगा. मान्य नसेल तर समालोचन तुमचं, खर्च त्यांचा एवढाच व्यवहार करा आणि वृत्तान्त त्या स्पर्धेचा लिहू नका.