टी-३४/८५ या सोव्हिएत रणगाड्याचं १:३५ मापातलं मॉडेल लढून आलेलं दिसावं म्हणून गंज, चिखल आणि उडालेला रंग किती दाखवावा?

गंजाच्या रंगाची बाटली तूर्त बाजूला ठेवा. काय किती दाखवायचं, हे त्या रणगाड्याच्या आयुष्यावरून ठरतं. टी-३४/८५ कारखान्यातून बाहेर पडू लागला १९४४ च्या सुरुवातीला आणि युरोपातलं युद्ध संपलं मे १९४५ मध्ये. म्हणजे आघाडीवरची जुन्यातली जुनी गाडीसुद्धा जेमतेम सव्वा वर्षाची. तेवढ्यात जाड चिलखती पोलादाला पोपडे सुटलेला लालभडक गंज चढत नाही. रंग खरवडला गेला तिथे पातळ, काळपट तपकिरी थर येतो, बस. खरा गंज दोनच ठिकाणी शोभतो: एग्झॉस्टच्या नळ्यांवर, कारण तिथला रंग उष्णतेने जळून जातो, आणि ट्रॅकवर, म्हणजे चाकांभोवतीच्या पोलादी साखळीपट्ट्यांवर, कारण त्यांच्यावर टिकणारा रंगच नसतो.

म्हणून आधी जागा आणि ऋतू ठरवा. टरेटभोवतीचे (तोफेच्या फिरत्या बुरुजाभोवतीचे) पांढरे पट्टे लावणार असाल, तर गाडी एप्रिल १९४५ च्या बर्लिनमधली होते. मग चिखल कमी, विटा-चुन्याची धूळ जास्त. मला विचाराल तर १९४४ च्या वसंतातलं युक्रेन घ्या. बर्फ वितळून झालेला तिथला चिखल म्हणजे काळी माती, आणि ती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच ओली असताना काळीकुट्ट, वाळली की राखाडी दिसते. कुणाच्या शेतातून मूठभर आणता आली तर तव्यावर कोरडी भाजा आणि वस्त्रगाळ करा. यात कंटाळा नको: या मापात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे ३५ मिलिमीटरचा दगड. कोकणातली तांबडी माती इथे चालणार नाही.

जोडणी सूचनापत्रकाप्रमाणे करा, फक्त दोन गोष्टींकडे लक्ष द्या. टरेट ओतीव आहे, तर खालचा सांगाडा सपाट पत्रे वेल्ड करून केलेला. पुटी थिनरमध्ये पातळ करून ताठ ब्रशने फक्त टरेटवर टोचत लावा आणि वाळल्यावर वॉटर पेपरने हलकेच घासा. ओतकामाचा खरबरीतपणा उतरतो. दुसरं म्हणजे ट्रॅक. या गाडीला ट्रॅक वर उचलून धरणारे छोटे रोलर नाहीत, त्यामुळे वरची बाजू थेट मोठ्या चाकांवर टेकलेली असते. किटमधली रबरासारखी पट्टी हवेत ताठ राहते. ती चाकांना चिकटवून किंवा काळ्या दोऱ्याने खाली ओढून बसवा. एवढ्यानेच मॉडेलला वजन येतं.

अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम जमलं तर आवर्जून पाहा. ओतकाम, वेल्डचे सांधे, ट्रॅकची झीज डोळ्यांत साठवून आणा. रंग मात्र तिथला उचलू नका. संग्रहालयातल्या गाड्या जपणुकीसाठी पुन्हा पुन्हा रंगवतात.

प्रायमर, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा ४बीओ, म्हणजे सोव्हिएत रणगाड्यांचा ठरलेला हिरवा. तो किंचित फिका करून घ्या, कारण लहान वस्तूवर मूळ छटा फार गडद दिसते. भर पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे टाळा. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक धरते.

वॉशसाठी, म्हणजे खाचांमध्ये सावली भरणाऱ्या पातळ रंगासाठी, महागड्या बाटल्यांची गरज नाही. कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करा. टर्पेंटाइन वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला विरघळवत नाही, म्हणून चुकलं तर पुसता येतं. आधी चकचकीत वार्निशचा हात द्या, म्हणजे वॉश खाचांमध्ये नीट धावतो. पूर ओतू नका. उघड्या प्लास्टिकच्या सांध्यात टर्पेंटाइन साचलं तर प्लास्टिक तडकू शकतं. पुढचं सगळं मॅट वार्निशवर.

रंग कुठे उडेल? जिथे माणसाचा हात-पाय लागतो तिथे. आतल्या पाच जणांची चढ-उतर, चालकाच्या झाकणाची कड, आणि पायदळाचे सैनिक याच गाडीवर बसून लढाईला जात, त्यांनी धरलेल्या दांड्या आणि बुटांनी घासलेला मागचा भाग. स्पंजच्या तुकड्याने आधी फिका हिरवा ओरखडा, मग त्याच्या आत अगदी थोडा गडद तपकिरी. बाजूच्या डिझेलच्या गोल टाक्यांवर झाकणाखाली एखादा तेलकट, चमकता ओघळ. मागच्या दोन एग्झॉस्टभोवती काळ्या ड्राय पेस्टलची भुकटी. ट्रॅक काळपट तपकिरी रंगवा आणि जमिनीला घासणाऱ्या कडांवर ६बी पेन्सिलचं शिसं चोळा. पोलादाची ती झळाळी कुठल्याही चंदेरी रंगाने येत नाही.

चिखल सर्वांत शेवटी आणि थरांत. माती, थोडं प्लास्टर आणि पाणी घातलेलं फेविकॉल कालवून चाकांवर, खालच्या सांगाड्यावर आणि मडगार्डच्या पोटात लावा. वाळलेला राखाडी थर वर, ओला काळा थर खाली ट्रॅकजवळ, आणि फक्त त्या ओल्या भागाला चकचकीत वार्निश. यानंतर पूर्ण गाडीवर मॅट मारू नका: ओल गायब होते, आणि वर शिंपडलेली कोरडी धूळही वार्निश शोषून घेतं.