आई नाटक करते का?

वाई तालुक्यातली मुलगी, साताऱ्यात कॉलेजला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) खुर्चीत टेकायच्या आत म्हणाली, "मॅडम, आईच्या अंगात काळूबाई येते. ती नाटक करते की तिला वेड लागलंय, एवढंच सांगा."

पौष पौर्णिमेच्या, काळूबाईच्या मांढरदेव यात्रेच्या आगेमागे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी बहुतेक शिकलेली मुलं असतात आणि आवाजात लाज असते.

आधी फीटची शंका काढून टाकली. जीभ चावली जाते का? कपडे ओले होतात का? झोपेत, एकटी असताना कधी झालंय? तिन्हींना नाही. फक्त मंगळवारी, दिवसभराच्या उपासानंतर, आरतीला संबळ वाजायला लागला की.

म्हटलं, तिसरंही काही असू शकतं. पोटात अन्न नाही, धुपाचा धूर, एकसुरी ठेका, सगळ्यांचे डोळे आपल्यावर. श्वास जोरजोरात चालतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि लहानपणापासून पाहिलेलं घुमणं शरीर आपसूक करू लागतं. ठरवून होत नाही, म्हणून नाटक नाही. आणि वेडही नाही: आजारांच्या जागतिक यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'अंगात येणं' आजार म्हणून आहे, पण समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तो आजार धरत नाहीत.

"म्हणजे देवी खरी?"

तिला वाईजवळच्या किकली गावातले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आठवायला सांगितले. तिने ते पाहिले होते. अशा दगडावर साधारणपणे खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. कधी गुरं राखताना, कधी गाव राखताना पडलेला माणूस. पुढे कितीतरी गावांत अशा दगडाला शेंदूर लागतो, नाव पुसलं जातं आणि तो गावाचा देव होतो. देव माणसांनीच घडवलेत, असं माझं मत आहे. पेशंटच्या गळ्यात ते मारत नाही, पण कुणी विचारलं तर लपवतही नाही.

मग मी विचारलं, "देवी बोलते काय?"

ती थांबली. "बाबांना नावानं हाक मारते. अरे-तुरे करते. म्हणते, दारू सोड, नाहीतर घर बुडवीन. बाबा पाया पडतात. पंधरा दिवस पीत नाहीत."

"आणि एरवी आई?"

"एरवी 'अहो' सुद्धा हळू म्हणते."

तिचं तिलाच कळलं बहुधा. डोळे पुसले आणि उगाच बॅगेची चेन उघडझाक करत बसली.

पुढच्या खेपेला आई आली. अंगात आलेलं काहीच आठवत नव्हतं तिला, आणि ते मला खरंच वाटलं. देवी बंद करा असं मी एकदाही म्हटलं नाही. वडिलांना आणायला मात्र दोन महिने गेले. माझ्यासमोर ती त्यांना म्हणाली, "पिऊ नका." इतकं हळू, की त्यांनी विचारलं, "काय?" तिने परत म्हटलं. मान खालीच होती.

वडिलांचे उपचार चालू आहेत. मधे एकदा घसरले.

पौषात मुलीचा फोन आला. आईच्या अंगात आलं होतं. "पण मॅडम, या वेळी नुसतीच घुमली. बोलली काहीच नाही."