"खोटं आहे, घाबरू नको" एवढं पुरत नाही

सोलापुरात मुलांबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, मोबाइल काढूनच घ्यावा का?" कारणं वेगवेगळी असतात. कुणाचा मुलगा रात्रभर रील्स बघतो, कुणाची मुलगी गृहपाठाची उत्तरं ॲपकडून लिहून घेते, तर कुणी फोनवर दिसेल ते खरं मानून बसतं. या शेवटच्या काळजीबद्दल आज लिहिते, कारण तिच्याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैष्णवी नववीत शिकते. घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. वडील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेते. ऑर्डरी येतात व्हॉट्सॲपवर, त्यामुळे आईचा फोन म्हणजे त्या घराचा गल्लाच. गिऱ्हाइकांचे, नातेवाइकांचे, बचत गटाचे, गल्लीतले असे सगळे ग्रुप त्यात. आईचे हात पिठात असतात, म्हणून ऑर्डरी वहीत उतरवायचं काम वैष्णवीकडे. ग्रुपवर येईल ते सगळं तिच्या नजरेखालून जायचं.

जानेवारीत होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपता संपता तिनं संध्याकाळच्या क्लासला जायचं बंद केलं. आधी पोट दुखायचं, मग डोकं. शाळेला जायची, पण आजीला सोबत घेऊन. रात्री दोन-दोनदा उठून दाराची कडी बघायची.

"पोरं पळवणाऱ्यांचा व्हिडिओ बघितल्यापासून असं करायलीय," आई सांगत होती. "ते खोटं असतंय म्हणून सगळ्यांनी सांगून झालं. ऐकंनाच झालीय. एकदा वाटतंय, फोनच फोडून टाकावं. पण ऑर्डरी कुठनं येणार?"

वैष्णवी बराच वेळ गप्प होती. मग आईकडे न बघता म्हणाली, "पप्पा म्हणतात खोटं आहे. त्यांना कसं कळलं? आणि खोटं होतं तर आईनं ते मावशीला का पाठवलं?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त होते आणि दोन्हींची उत्तरं तिला कुणी दिली नव्हती. एकीकडे फोन सांगत होता की बाहेर धोका आहे, दुसरीकडे वडील सांगत होते की नाही. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, एवढंच तिच्या हातात होतं. अशा वेळी मूल बहुधा भीती दाखवणाऱ्याचं ऐकतं. धोका खोटा निघाला तर काही बिघडत नाही, पण खरा असला आणि आपण गाफील राहिलो तर? मुलीचं डोकं बरोबर चाललेलं होतं. खरं-खोटं तपासायचं कसं, हे तेवढं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वडिलांनीही तपासलं नव्हतं, त्यांनी अंदाजानं सांगितलं होतं. तो अंदाज बरोबर निघाला, पण अंदाजावर भीती जात नाही.

पुढच्या भेटीत आम्ही तो व्हिडिओ उघडला. त्याआधी आवाज पूर्ण बंद केला. हे मी मुद्दाम करते. अशा क्लिपमधलं भीतीदायक संगीत आणि वरून जोडलेला घाबरलेला आवाज आधी छातीत धडधड सुरू करतो, मग डोळे काय बघतात ते नीट कळत नाही. पाय जमिनीवर टेकव, श्वास सावकाश सोड, हवं तेव्हा थांबव, असं तिला सांगितलं. फोन तिच्याच हातात दिला.

आवाज गेल्यावर उरलं ते एवढंच. रस्त्यावर मुलं खेळताहेत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात, निघून जातात. क्लिप संपली.

"यात गाव कुठलं ते दिसतं का?"

तिनं पुन्हा बघितलं. "नाही."

आम्ही एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकला. खाली तीच चित्रं ओळीनं आली. त्यातली बरीच पुन्हा तीच घाबरवणारी क्लिप होती. त्यांच्याकडे न बघता, ही क्लिप मुळात कुठली हे कोण सांगतंय ते शोध, असं तिला सुचवलं. थोड्या वेळानं ते सापडलं. ती क्लिप पाकिस्तानातल्या कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली एक छोटी फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघं मोटरसायकल वळवून परत येतात, मुलाला जागेवर सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरून दाखवतात. फॉरवर्ड होणाऱ्या क्लिपमधून हा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. २०१८ च्या उन्हाळ्यात हीच कापलेली क्लिप भारतभर फिरली होती आणि अजून मधूनमधून डोकं वर काढते.

"म्हणजे पोराला परत आणून सोडलंय?" वैष्णवीनं विचारलं. मग तो शेवट तिनं स्वतःहून पुन्हा लावून बघितला.

व्हिडिओबरोबर एक व्हॉइस मेसेजही होता. बाई रडवेल्या आवाजात सांगत होती की तिचा भाऊ पोलिसात आहे, आज गड्ड्यातून तीन पोरं उचलली, हे सगळ्या ग्रुपवर पाठवा. तो मेसेज वैष्णवीला शब्दन् शब्द कागदावर उतरवायला सांगितला. ऐकताना जे पटतं ते कागदावर उघडं पडतं. भावाचं नाव नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत. वैष्णवी मात्र "आज" या शब्दाशी थांबली. "आज म्हणजे कधी? मला आला तेव्हा आज, मावशीला पाठवला तेव्हापण आज?" हे तिचं तिनं शोधलं. मी फक्त मान हलवली.

पुढचं तिनं घरी केलं. शेजारच्या काकांकडे 'संचार' येतो. यात्रेच्या दिवसांतले अंक तिनं मागून आणले. होम मैदानातून खरंच तीन मुलं गेली असती तर ती बातमी पहिल्या पानावर आली असती, असा तिचा हिशोब. पेपरात नाही म्हणजे घडलंच नाही, असं प्रत्येक वेळी म्हणता येत नाही, हेही आम्ही बोललो. पण हजारोंच्या गर्दीत तीन मुलं नाहीशी झाली आणि गावातल्या एकाही पेपराला कळलं नाही, असं होत नसतं. मग तिनं विजापूरच्या आत्याला फोन लावला. आत्याकडेही तसाच मेसेज आला होता, कानडीत. मजकूर जवळपास तोच, फक्त गड्ड्याच्या जागी तिथल्या सिद्धेश्वर जत्रेचं नाव.

वैष्णवीनं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. इतिहासाचे पीएचडी झालेले अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यवसायानं बातम्यांची पडताळणी करणारे लोक अशा तिघांना त्यांनी काही वेबसाइट्स पारखायला दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले. पान नीटनेटकं आहे, चिन्ह भारदस्त आहे, भाषा चांगली आहे, एवढ्यावर फसले. पडताळणी करणाऱ्यांनी अनोळखी पान लगेच सोडलं, दुसऱ्या टॅब उघडल्या आणि या लोकांबद्दल बाकीचे काय सांगतात ते आधी बघितलं. आपल्या शाळांत आपण मुलांना उलटं शिकवतो. धडा नीट वाच, पुन्हा वाच, उत्तर त्यातच आहे. पाठ्यपुस्तकाला हे लागू पडतं. फोनवर आलेल्या गोष्टीचं उत्तर बहुतेक वेळा तिच्या बाहेर असतं. सोलापुरातल्या प्रत्येक शिक्षकानं आठवड्यातला एक तास यासाठी काढावा, असं मला मनापासून वाटतं. संगणक कक्ष नसला तरी चालेल, एक फोन आणि फळा पुरतो.

हा विषय मला इतका का लागतो, ते वैष्णवीच्या आईवडिलांना वेगळं बसवून सांगितलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. ज्यांनी मारलं त्यांच्यापर्यंतही पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवाच पोचलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅट्सनाच पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज, ज्यावर दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ते दोन बाण दिसले की पाठवणाऱ्या माणसालाही तो मूळ कुठून आला हे ठाऊक नसतं, एवढं धरून चालावं.

वैष्णवीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काळजीनंच पाठवलं की हो. बहिणीची पोरं लहान आहेत."

काळजीनंच पाठवलं होतं, यात शंका नाही. असे मेसेज आपल्यातल्या काळजीच्याच जोरावर पळतात. म्हणून आईला दोष देण्यात काही अर्थ नव्हता. दुरुस्ती मात्र त्याच जागी व्हायला हवी होती. मायलेकींनी मिळून ग्रुपवर लिहिलं : "परवा मी पाठवलेला व्हिडिओ कराचीतला आहे, पोरं पळवण्याचा नाही. शेवट कापलेला आहे. पूर्ण व्हिडिओ खाली देते. मी न बघता पाठवला होता. तुम्ही कुणाला पाठवला असेल तर त्यांनाही सांगा." मोठ्यांनी असं उघडपणे लिहिलं की मुलांना कळतं, चूक दुरुस्त करणं ही लाजेची गोष्ट नाही. बहुतेक घरांत मुलांना उपदेश मिळतो आणि बाबांचे फॉरवर्ड तसेच चालू राहतात. मुलं दोन्ही बघतात.

भीती ओसरली. दाराची कडी तपासणं थांबलं, झोप लागायला लागली. क्लास मात्र बंदच. अफवा गेली तरी मूल टाळत असलेली गोष्ट टाळतच राहिलं, तर खाली दुसरं काहीतरी आहे असं समजावं.

"आता क्लासला निघताना डोळ्यांसमोर काय येतं?" मी विचारलं.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. क्लासच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दिवा नाही. तिथं दोन मुलं गाडीवर थांबतात. दिवाळीच्या आधीपासून ती मागे येतात, नाव घेऊन हाका मारतात.

"घरी का नाही सांगितलंस?"

"पोरं पळवतात म्हटलं की सगळे ऐकतात. हे सांगितलं तर माझा क्लास बंद करतील."

व्हिडिओतली मोटरसायकल तिला इतकी का झोंबली ते तेव्हा कळलं. अफवा खोटी होती, तिची भीती अर्धी खरी होती. "खोटं आहे, घाबरू नको" म्हणून विषय तिथंच मिटवला असता तर ही खरी गोष्ट कधी बाहेर आलीच नसती. म्हणून पालकांना मी सांगते की मूल काही अचाट घेऊन आलं तर "काहीतरीच काय" म्हणू नका, "चल, बघू" म्हणा. तपासता तपासता त्यातला खोटा भाग गळतो आणि खरा भाग हाती लागतो. त्या खऱ्या भागाला मोठ्या माणसाची गरज असते.

आईवडिलांना पहिली अट घातली ती क्लास बंद न करण्याची. क्लास बंद केला तर शिक्षा वैष्णवीला होते आणि पुढच्या वेळी ती सांगत नाही. मुलीचा असा पाठलाग करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे दोघांना माहीत नव्हतं. वडील आणि क्लासचे सर मिळून पोलीस चौकीत गेले. संध्याकाळी पोलिसांची गाडी त्या कोपऱ्यावर थांबायला लागली, ती मुलं दिसेनाशी झाली. वैष्णवी आता दोन मैत्रिणींबरोबर जाते. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि फोनवरून पैशांची फसवणूक झाली तर १९३० हे नंबर तिनं ऑर्डरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

मोबाइल काढून घ्यावा का, याचं उत्तर या घरापुरतं नाही असंच होतं, आणि बहुतेक घरांत तेच असतं. झोपताना फोन अंथरुणात नको, एवढं ठामपणे पाळा. बाकी वेळी शेजारी बसा. दुसरीकडून खातरजमा करायची सवय एकदा लागली की ती अफवांपुरती राहत नाही.

परवा वैष्णवी इतिहासाचा प्रकल्प घेऊन आली होती, इंग्रजांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर. उत्तरं लिहून देणाऱ्या ॲपनं तिला छान मराठीत दोन पानं दिली. त्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना सोलापुरातच फाशी दिलं असं लिहिलेलं होतं. तिनं ॲपला विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ॲपनं एका पुस्तकाचं नाव सांगितलं. हिराचंद नेमचंद वाचनालयात ते पुस्तक निघालं नाही. तिथं मिळालेल्या दुसऱ्या पुस्तकात फाशीची जागा येरवडा तुरुंग आणि तारीख १२ जानेवारी १९३१ होती. तिनं तेच लिहिलं आणि खाली पुस्तकाचं नाव घातलं. वर्गात सरांनी वह्या बघितल्या तेव्हा बऱ्याच वह्यांत सोलापूरच निघालं, असं ती सांगत होती. सरांनी मग तो सगळा तास त्यावरच घेतला.