माझ्याकडे 1999 चा अमेरिकन नाण्यांचा सेट आहे. त्यात किती नाणी हवीत, त्याची किंमत काय आणि पुढच्या वर्षांचे सेट घ्यावेत का?

मामांनी न्यू जर्सीहून आणून दिलेला सेट, एवढंच तुम्ही लिहिलंय, फोटो टाकलेला नाही. त्यामुळे तो नेमका कुठला हे तुम्हालाच बघावं लागेल. 1999 साली अमेरिकेच्या टाकसाळीने एक नाही, चार प्रकारचे सेट विकले होते आणि त्यांच्या भावात बराच फरक आहे.

आधी नाणी मोजा. अठरा असतील तर तो यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेल्या नाण्यांचा) सेट: एक सेंट, निकेल (पाच सेंट), डाइम (दहा सेंट), हाफ डॉलर आणि पाच क्वार्टर (पंचवीस सेंट) अशी नऊ नाणी फिलाडेल्फियाची आणि तीच नऊ डेन्व्हरची. तेव्हाची किंमत 14.95 डॉलर. नऊच असतील, कडक प्लास्टिकच्या पेटीत असतील आणि नाण्यांवर बारीक ‘एस’ असेल तर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा प्रूफ सेट, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी. तो 19.95 डॉलरला होता. नुसती पाच क्वार्टर असतील तर तो 13.95 चा छोटा सेट. आणि नऊ नाण्यांचाच प्रूफ सेट, पण चांदीचा, 31.95 ला.

पाच क्वार्टर का, तर त्याच वर्षी प्रत्येक राज्याच्या नावाने वेगळं क्वार्टर काढायची योजना सुरू झाली. 1999 ते 2008, दरवर्षी पाच राज्यं. पहिली पाच म्हणजे डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया आणि कनेटिकट. न्यू जर्सीच्या क्वार्टरवर नावेत उभा राहून नदी ओलांडणारा वॉशिंग्टन आहे. सेट प्रूफ असेल तर होडी आणि माणसं दुधाळ पांढरी दिसतील आणि भोवतीची मोकळी जागा अशी लख्ख की तुमचं नाक त्यात दिसेल. साचा आणि कोरी चकती दोन्ही पॉलिश करून, एकाऐवजी निदान दोन ठोके मारून हा परिणाम साधतात. यूएनसी म्हणजे रोजच्या व्यवहारातलंच नाणं, फक्त न वापरलेलं.

आता चांदीचा की साधा हे कसं ओळखायचं? क्वार्टरची कड बघा. साध्या नाण्याच्या पोटात तांबं असतं, त्यामुळे कडेवर तांबूस पट्टी दिसते. चांदीच्या नाण्याची कड सगळी पांढरी. पेटी तिरकी धरून टॉर्च मारला की समजतं. फोडू मात्र नका.

चांदीचा निघाला तर मामांना फोन करून पुन्हा आभार माना. त्यात डाइम, हाफ डॉलर आणि पाच क्वार्टर चांदीची असतात, सेंट आणि निकेल नेहमीचेच. सात नाण्यांचं वजन 46.25 ग्रॅम, चांदी 90 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 41.6 ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणा, त्याखाली कुणी मागितला तर देऊ नका. राज्यांच्या क्वार्टरचं वेड होतं तेव्हा हाच सेट तीनशे डॉलरच्या पुढे गेला होता. नंतर उतरला आणि आता तो मुख्यतः चांदीच्या भावावरच चालतो.

साधा निघाला तर खरं सांगतो, पाच-दहा डॉलरच्या वर फारशी आशा ठेवू नका. आतल्या नऊ नाण्यांची दर्शनी किंमत 1.91 डॉलर, बाकी पैसे पॉलिशचे आणि डब्याचे. सत्तरच्या दशकापासूनचे बहुतेक साधे सेट मूळ किमतीच्या खालीच विकले जातात. लाखोंनी विकले गेले आणि कुणी मोडले नाहीत, मग दुर्मीळ कुठून होणार? भारतात तर गिऱ्हाईक आणखी कमी.

आपल्याकडचा, म्हणजे भारतातला, सेट बहुधा एखाद्या निमित्ताचा असतो. 2007 चं लोकमान्य टिळकांचं नाणं घ्या, शंभर आणि पाच रुपयांची जोडी. अमेरिकेचा वार्षिक सेट म्हणजे त्या वर्षीची सगळी चिल्लर. म्हणून नाण्यांची संख्या दरवर्षी हलते. 2000 मध्ये सकागाविया या मूळनिवासी अमेरिकन स्त्रीचं चित्र असलेला एक डॉलर आला आणि नऊची दहा झाली. 2007 पासून राष्ट्राध्यक्षांचे चार डॉलर आले, चौदा झाली. 2009 मध्ये तर लिंकनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून चार वेगळे सेंट आणि शिवाय सहा क्वार्टर, एकूण अठरा, किंमत 29.95. मग उतरती कळा: 2021 चा प्रूफ सेट जेमतेम सात नाण्यांचा. 2019 मध्ये सेटबरोबर वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीचा, ‘डब्ल्यू’ छापाचा एक सेंट फुकट दिला होता. तो स्वतंत्र पाकिटात येतो. 2019 चा सेट घेताना ते पाकीट आहे ना, हे विचारा, विक्रेते ते काढून वेगळं विकतात.

कधीकधी लॉटरी लागते, नाही असं नाही. 1968, 1970, 1975 आणि 1983 च्या काही प्रूफ डाइमवर ‘एस’ ठोकायचाच राहिला. 1975 ची अशी दोनच नाणी ठाऊक आहेत. त्यातलं एक 2024 मध्ये 5,06,250 डॉलरला गेलं. तुमच्या 1999 च्या सेटमध्ये असं काही शोधत बसू नका.

पुढचे सेट घ्यायचे तर गुंतवणूक म्हणून घेऊ नका. मुलांच्या जन्मवर्षाचे, लग्नाच्या वर्षाचे घ्या, तेही मिंटकडून (टाकसाळीकडून) नव्हे, दोन-चार वर्षं थांबून बाजारातून, बहुधा स्वस्त पडतात. 2012 सारखं एखादं वर्ष याला अपवाद निघतं, तेव्हा विक्री कमी झाली आणि नंतर भाव चढला. आणि 1982 किंवा 1983 चा ‘मिंटचा अधिकृत यूएनसी सेट’ कुणी दाखवला तर नीट चौकशी करा, त्या दोन वर्षी मिंटने तो नेहमीचा सेट काढलाच नव्हता.